समोर येऊन बोला

आमच्या भिवंडीत सिस्टरांच्या दवाखान्याबद्दल वाकडा शब्द काढला की लोक असे बघतात, जणू तुम्ही देवळात चपला घालून शिरलात. मी काढते. आई होती तोवर दर वेळी माझ्या हातावर चापट मारायची. "ज्यांनी तुझ्या बाला वाचवला त्यांना नावं ठेवतेस?" वाचवला, खरं आहे. मी कुठे नाही म्हणते? पण वाचवता वाचवता काय मोडलं ते कोणी विचारत नाही, आणि मी विचारलं तर म्हणतात, अगं, सेवा आहे ती. सेवा हा शब्द आला की माझं डोकं फिरतं. नोकरी म्हटली तर जाब विचारता येतो. सेवेला हात जोडायचे आणि घरी यायचं.

आधी चांगलं ते सांगून टाकते, म्हणजे मला कोणी कृतघ्न म्हणायला नको. म्हणणारे म्हणतीलच. दवाखाना सुरू झाला तेव्हा आई लहान होती. भाड्याच्या दोन खोल्या आणि दूर दक्षिणेतून आलेल्या चार-दोन सिस्टर. मराठीचा गंध नाही, तरी अंजूर-वळ गावांच्या बांधांवरून चिखल तुडवत बाळंतिणी बघायला जायच्या. आमच्या वळमधल्या म्हाताऱ्या आधी त्यांना उंबऱ्याच्या आत घेत नसत. मग कुणाच्या तरी अडलेल्या सुनेला त्यांनी सोडवलं, आणि त्याच म्हाताऱ्या त्यांना वाल आणि सुकी मच्छी बांधून देऊ लागल्या. माझा जन्म त्या दवाखान्यातला. तोवर मोठी इमारत झाली होती, बाजूला चर्च, पुढे विहीर आणि अंगणात मेरीची मूर्ती. आमच्या गावच्या बाया तिला मोगऱ्याचा गजरा वाहायच्या. निजामपुऱ्यातल्या बाया बीबी मरियम म्हणून तिला सलाम करायच्या. सिस्टर दोघींनाही काही बोलायच्या नाहीत. बुरख्यातल्या बायका शहरातला दुसरा कुठलाही डॉक्टर सोडून तिथे यायच्या, कारण तपासणारी बाई असायची आणि सिस्टरांचंही डोकं झाकलेलं असायचं. दंगलीच्या दिवसांत गावातली दुकानं, शाळा, सगळं बंद होतं तेव्हाही त्यांचं फाटक उघडं होतं. हे सगळं मी मान्य करते. यातलं काही खोटं आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही.

आता माझ्या बाबद्दल. बा वळचा. जमीन थोडी आणि भाऊ फार, म्हणून मिसरूड फुटायच्या आधीच तो निजामपुऱ्यात लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर लागला. लग्न झाल्यावर आईला घेऊन तिथेच एका चाळीच्या माडीवर खोली केली. ज्यांनी लूमचा कारखाना आतून पाहिला नाही त्यांना काय सांगायचं? पत्र्याची शेड, माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट, आणि दोन्ही बाजूंना धोटे इकडून तिकडे आपटत असतात. आत पाऊल टाकलं की दातांपर्यंत हादरे बसतात. शेठ काचेच्या खोलीत दार लावून बसायचा. कानात कापसाचे बोळे घाला, असं तो कामगारांना प्रेमाने सांगायचा. कापूस तिथे होताच. हवेत तरंगायचा, भुवयांवर बसायचा, छातीत जायचा. कानापर्यंत पोचायला त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती.

अशा आवाजात माणसं बोलणार कशी? म्हणून लूमवाले ओठांनी बोलतात. आवाज काढतच नाहीत. चार लूम पलीकडचा माणूस ओठ हलवतो आणि अलीकडचा हसतो. बा त्यात पटाईत होता. मराठी असो, हिंदी असो, नुसत्या ओठांवरून त्याला सगळं कळायचं, शिव्या तर पहिल्या.

त्यामुळे आमच्या घरात एक रीत होती. बाशी पाठीमागून बोलायचं नाही. माडीची जमीन फळ्यांची होती. आधी फळीवर पाय आपटायचा. पायाखाली हादरा बसला की बा वळायचा, मग त्याच्या समोर जाऊन, तोंड दिसेल असं उभं राहून बोलायचं. खोलीत दिवा लावायचा राहिला आणि कोणी बोलायला लागलं, तर आई ओरडायची, "आधी बत्ती लाव, मंग बोल." ही रीत कशासाठी, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. सगळ्यांच्या घरी तसंच असेल अशी माझी समजूत. एका मैत्रिणीच्या घरी गेले तर तिची आई स्वयंपाकघरातून काहीतरी बोलली आणि बाहेर वर्तमानपत्र वाचणाऱ्या वडिलांनी मान वर न करता उत्तर दिलं. मी चकित होऊन बघत राहिले. तरीसुद्धा बा बहिरा आहे असं आमच्या घरात कोणी म्हणत नसे. जवळून, मोठ्यानं बोललेलं त्याला थोडं ऐकू यायचं. लूमवरचा माणूस असाच असतो, एवढंच आम्हाला ठाऊक.

आणि बाची स्वतःची एक सवय होती. परक्या माणसाचं बोलणं उमगलं नाही की तो परत विचारायचा नाही. दोनदा "काय? काय?" करणाऱ्याला मुकादम दुसऱ्या दिवशी घरी बसवतो, हे त्यानं तरुणपणीच पाहिलं होतं. मग शेठ असो, रेशनवाला असो, पोलीस असो, बा समोरच्याच्या डोळ्यांत बघायचा, छान हसायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "हो. बरा हाय." त्याची सगळी उमर त्या मान हलवण्यावर निभावली.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा त्याच्या खोकल्यातून रक्त पडलं. गल्लीतल्या डॉक्टरनं बाटलीतलं लाल औषध देऊन देऊन वेळ घालवला. शेवटी आईच त्याला सिस्टरांकडे घेऊन गेली. टीबी निघाला. त्यांनी लगेच दाखल करून घेतलं.

छातीचा वॉर्ड मागच्या बाजूला होता. लांब व्हरांडा, शहाबादी लादी, लोखंडी खाटा आणि भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी. वॉर्डाची मुख्य म्हणजे मोठी सिस्टर. तिचं मूळ नाव कोणी घेत नसे. केरळची होती, मराठी शिकलेली होती, पण तिच्या मराठीत 'तुम्ही' नव्हतं. माझ्या आजोबांच्या वयाच्या माणसालाही ती 'तू'च म्हणायची. तिच्या तोंडावर कायम पांढऱ्या कापडाचा मास्क असायचा. वॉर्ड टीबीचा, तेव्हा तो असणारच. तिचे फक्त डोळे दिसायचे, आणि डोळे चांगले होते. ती कामचुकार असती, पैसेखाऊ असती, तर मला रागावणं किती सोपं गेलं असतं. पण ती पहाटेपासून राबायची, थुंकीची भांडी स्वतः उचलायची, कोणी जेवलं नाही तर हातानं भरवायची. अशा माणसावर रागवायचं म्हणजे आधी आपल्यालाच खुलासा द्यावा लागतो.

दाखल केलं त्या दिवशी आईनं तिला सांगितलं होतं. मी तिथे उभी होते, माझ्या कानांनी ऐकलंय. "सिस्टर, त्यांच्याशी बोलताना जरा समोर येऊन बोला हां."

"मी समोरच बोलते," सिस्टर मास्कच्या आतून म्हणाली.

आईचं समाधान झालं. आईला तरी कुठे सुचणार होतं की या बाईचं तोंडच कधी दिसणार नाही?

नातेवाइकांना वॉर्डात मज्जाव होता. संध्याकाळी व्हरांड्याच्या जाळीपाशी उभं राहायचं आणि बाहेरून बोलायचं. आम्ही जायचो, बा जाळीशी यायचा, आमची तोंडं त्याला दिसायची, सगळं सुरळीत व्हायचं. त्याच्या शेजारच्या खाटेवर उत्तरेकडचा एक लूमवाला होता, मी त्याला भाईजान म्हणायचे. तो आणि बा दिवसभर गप्पा मारायचे, ओठांनी. त्या वॉर्डात निम्मी माणसं लूमवरची. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर सगळ्या गल्लीच्या भानगडी चालायच्या, आणि बाहेर टाचणी पडली तरी ऐकू यावी इतकी शांतता. मोठ्या सिस्टरला त्याचा फार अभिमान होता. पाहुणे आले की ती पाटीकडे बोट दाखवून सांगायची, बघा, माझे पेशंट किती शिस्तीचे आहेत. भाईजान त्यावर ओठांनी असं काही बोलायचा की बाला हसू आवरायचं नाही, आणि हसता हसता खोकल्याची उबळ यायची.

बाला रोज इंजेक्शन होतं. त्या काळी टीबीला ते देतच असत. ते कानांना लागू शकतं, तोल घालवू शकतं, म्हणून टोचायच्या आधी पेशंटला विचारायचं असतं. हे मला नंतर कळलं. सिस्टर रोज विचारायची, हेही नंतर कळलं. चक्कर येते का, कानात आवाज येतो का, ऐकायला कमी येतं का. एकही दिवस तिनं चुकवला नाही. बा तिच्या चांगल्या डोळ्यांकडे बघायचा, हसायचा आणि म्हणायचा, "बरा हाय, सिस्टर."

काही आठवड्यांनी तो जाळीशी येताना खाटांना धरत येऊ लागला. मग जाळीला धरून उभा राहू लागला. आईला वाटलं, अशक्तपणा. मी सिस्टरला हाक मारून सांगितलं, बा झोकांड्या खातोय. ती म्हणाली, "मी रोज विचारते. काही त्रास नाही बोलतो." आता तोच नाही म्हणतो तर आम्ही काय बोलणार? आम्ही घरी आलो.

आणि एका दुपारी कॉलेजातून आले तर बा चाळीच्या जिन्यावर बसलेला. मांडीवर गाठोडं. चेहरा प्रसन्न. वर आई दारात उभी, तोंड पांढरं पडलेलं. दवाखान्याचा माणूस त्याला रिक्षातून सोडून गेला होता आणि जाताना सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं सांगून गेला होता, दारू पिऊन वॉर्डात धिंगाणा घालतो, मोठ्या सिस्टरनं नाव कमी केलं.

त्या वॉर्डातले काही जण मागच्या भिंतीवरून उड्या मारून प्यायला जायचे, हे खरं होतं. सिस्टरचा नियमही सगळ्यांना माहीत होता, पिणाऱ्याला वॉर्डात जागा नाही. त्या सकाळी बा व्हरांड्यात भेलकांडला, औषधांच्या ढकलगाडीवर आपटला, बाटल्या फुटल्या. सिस्टर धावत आली.

आईनं सगळ्या शेजाऱ्यांसमोर त्याच्या तोंडाला नाक लावलं. "वास न्हाय," ती म्हणाली. मग मोठ्यानं, चाळीला उद्देशून, "वास न्हाय! माझ्या नवऱ्यानं जन्मात थेंब तोंडाला लावला न्हाय!" एक-दोन दारं हळूच बंद झाली. आईला रडू फुटलं. टीबीपेक्षा तिला ते जास्त लागलं होतं. आणि गोळ्या? अर्धा उपचार झालेला, गोळ्या मिळायच्या त्या तिथूनच. उपचार मध्येच सुटले की टीबी उलटतो आणि मग कशालाच दाद देत नाही, हे चाळीतल्या आणखी दोघांच्या मयतीवरून आम्हाला माहीत होतं.

बाला वर खोलीत घेतलं आणि मी फळीवर पाय आपटला. बाला हादरा कळला, तो वळला. मी समोर बसून विचारलं, "तुला का सोडलं?"

"बरा झालो," बा म्हणाला. "सिस्टरनी घरी पाठवला."

"काय म्हणाली ती?"

"काय बोलणार? बरा हाय का, जेवलास का. रोज तेच इचारते बिचारी. मी बोललो, बरा हाय."

"पण ती काय बोलते ते तुला कसं कळतं? तोंडावर फडकं असतं तिच्या."

बा हसला. "डोळ्यांवरनं कलतंय की."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. रोज. ती रोज विचारत होती आणि हा रोज उत्तर देत होता, आणि दोघंही एकमेकांवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाला घेऊन ओपीडीत गेले. आई मागून. सकाळची गर्दी, केसपेपर हातात धरून बसलेल्या बाया, रडणारी पोरं. मी खिडकीवरच्या मावशीला म्हटलं, मोठ्या सिस्टरला बोलवा. मावशी म्हणाली, ती कामात आहे. बोलवा. मी इतक्या मोठ्यानं बोलले की पोरं रडायची थांबली.

सिस्टर आली. मास्क लावलेला. बा तिला बघून खुलला, हात जोडले.

"तो दारू पितो," ती म्हणाली. "त्याला इथे जागा नाही."

"प्यायलेला नव्हता."

"त्याने स्वतः कबूल केलं. मी विचारलं, दारू प्यायला? हो म्हणाला."

मागच्या व्हरांड्याच्या जाळीत भाईजान येऊन उभा होता. तो तिथून ओरडला, "मैंने बोला था सिस्टर को, इसने पी नहीं है. मुझे भी डाँट के बिठा दिया!"

"सिस्टर," मी म्हटलं, "आता विचारा त्याला. सगळ्यांच्या समोर विचारा."

"काय विचारू?"

"विचारा, तू माणसाचा खून केलास का."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता मला हाकलणार. पण तिलाही बहुधा राग आला होता आणि रागात माणूस ऐकतो. ती बाच्याकडे वळली आणि मास्कच्या आतून, चांगल्या स्पष्ट आवाजात तिनं विचारलं, "तू माणूस मारला?"

बानं तिच्या डोळ्यांत बघितलं. हसला, मान हलवली. "हो, सिस्टर. बरा हाय."

सगळी ओपीडी हसली. केसपेपरवाल्या बाया पदरात तोंड घालून हसल्या. सगळे हसतायत हे बघून बासुद्धा हसला, मोकळेपणानं, सगळ्यांकडे बघत. फक्त तीन माणसं हसली नाहीत. आई, मी आणि मोठी सिस्टर. आई मला नंतर कितीतरी दिवस बोलत होती, बापाचं हसं केलंस. केलं. पुन्हा करीन. त्या बाईला त्या दिवशी दुसरं काही कळण्यासारखं नव्हतं.

सिस्टरनं मास्क काढला. आम्ही तिला म्हातारी समजत होतो. तिशी-पस्तिशीची असेल. वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. ती बाच्या अगदी समोर उभी राहिली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत बोलली. "चक्कर येते?"

बा तिच्या ओठांकडे टक लावून बघत होता. तिचे ओठ त्याला नवे होते. तिनं परत विचारलं.

"येते," बा म्हणाला. "लादी हलतंय. मना वाटलं, हितली लादीच तशी."

"कानात आवाज येतो?"

"येतो की."

"कधीपासून?"

"लूमवर लागलो तवापासून."

"आता जास्त?"

बानं थोडा विचार केला. "आता तोच हाय," तो म्हणाला. "बाकी काय न्हाय."

ओपीडीत कोणी हसलं नाही. सिस्टरच्या हातात मास्क तसाच होता. तिनं तो पुन्हा लावला नाही, आणि बाच्या कोपराला धरून त्याला स्वतः आत घेऊन गेली.

इंजेक्शन त्याच दिवशी बंद झालं. गोळ्या बदलल्या. बाला परत खाट मिळाली, भाईजानच्या शेजारची. डॉक्टर साहेबांनी मला आणि आईला बोलावून सांगितलं की गेलेलं ऐकणं परत येणार नाही, तोलही पूर्ण सुधारणार नाही, पण टीबी आटोक्यात येईल. आई रडायला लागली तशी धीर द्यायला म्हणून ते म्हणाले, "लूमवर काम करणाऱ्याला तसेही कान कशाला लागतात?" चांगला माणूस होता. शिकलेला होता. आईचं सांत्वन करत होता. मी तेव्हा काही बोलले नाही कारण बाच्या गोळ्या त्याच्या हातात होत्या, आणि या एका कारणासाठी भिवंडीत किती माणसं किती ठिकाणी गप्प बसतात त्याची गणती नाही.

टीबी बरा झाला. बा घरी आला. पण अंधारात तो उभा राहू शकायचा नाही, आणि चालत्या लूमच्या मधल्या वाटेत तर दिवसाही नाही. एकदा झोक गेला आणि हात पट्ट्यात जाता जाता वाचला. शेठनं त्याला लूमवरून काढून धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायला बसवलं. ते बसून करायचं काम, बायका करायच्या. बा त्यांच्यात बसायचा. तिथे त्याला ओठांनी बोलायला कोणी नव्हतं, कारण कांडी मशीनवर बाया तोंडानं बोलतात आणि मान खाली घालून बोलतात. घरी आल्यावर तो आमच्या तोंडांकडे हावरटासारखा बघायचा. आम्ही काहीतरी बोलावं म्हणून. आधी थोडा तरी आवाज त्याच्यापर्यंत पोचायचा, माझी हाक, आईचं भांडण, कुकरची शिट्टी. आता नुसता तो जुना खडखडाट, रात्रंदिवस, मशीन नसताना. मला राग येतो तो याचा. शेठनं त्याचे कान अर्धे घेतले आणि दवाखान्यानं उरलेले. दोघांनीही त्याचं चांगलंच बघितलं म्हणे.

माफी कोणी मागितली नाही. दवाखान्यातल्या मावशीच्या हाती अंडी यायची, दुधाची पावडर यायची. मी म्हटलं, परत पाठव. आई म्हणाली, "अंड्याशी कसला राग?" आणि उकडून बासमोर ठेवली.

एकदा मोठी सिस्टर स्वतः आली, बा गोळ्या नीट घेतो का ते बघायला. जिना चढून धापा टाकत दारात उभी. बा खिडकीकडे तोंड करून बसला होता. आईनं नेहमीप्रमाणे फळीवर पाय आपटला, बा वळला. सिस्टर त्या फळीकडे बघत राहिली. मग बाच्याकडे, मग आईच्या पायाकडे.  मी तिला चहा विचारला नाही. आईनं केला.

पुढे बरीच वर्षं गेली. मी शाळेत शिकवू लागले. नव्वदच्या पुढे कधीतरी दवाखान्याचा मोठा समारंभ झाला, अंगणात मांडव, मेरीच्या मूर्तीसमोर फळ्यांचं स्टेज, कर्णे, पुढारी, फादर. बऱ्या झालेल्या जुन्या पेशंटांना शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं होतं. बाला बोलावणं आलं. मी म्हटलं, जायचं नाही. बानं आदल्या दिवशीच शर्टाला इस्त्री करून आणली होती. आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, चपला घातल्या.

सेवा, सेवा, सेवा. तासभर तेच. मी खुर्चीत दात आवळून बसले होते. मग एकेकाला वर बोलावलं. बाला चढवलं आणि कोपऱ्यात उभं केलं. तो मूर्तीवरच्या गजऱ्यांकडे बघत होता, पाहुण्यांकडे पाठ. पुढारी शाल घेऊन माइकवर म्हणाले, "या आजोबा, पुढे या!" बा हलला नाही. "आजोबा, कसं वाटतंय आता?" कर्णा किंचाळला. बा गजरे बघतोय. मांडवात खसखस पिकली. पुढारी परत ओरडले, कोणीतरी खालून म्हणालं, प्यायलाय वाटतं. मी उठले. खुर्च्यांच्या रांगा ढकलत निघाले. त्या दिवशी मी त्या माइकवर काय बोलले असते ते मलाच माहीत नाही.

मी पोचायच्या आधी स्टेजच्या दुसऱ्या टोकाला बसलेली मोठी सिस्टर उठली होती. जाड झाली होती, केस पांढरे दिसत होते. तिनं झगा जरा उचलला आणि फळीवर पाय आपटला, जोरात. स्टेज हादरलं. बा वळला.

ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली, तोंड वर करून, आणि बोलली. आवाज काढला नाही. नुसते ओठ. अख्ख्या मांडवात एकट्या बाला कळलं, आणि स्टेजखाली उभ्या असलेल्या मला. ती विचारत होती, बरा आहेस ना?

"हो, सिस्टर," बा मोठ्यानं म्हणाला. "बरा हाय."

त्या उत्तराचा प्रश्न पहिल्यांदाच बरोबर होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई रडत होती. मी टाळी वाजवली नाही. मला उलट आणखीच राग आला. एवढंच तर होतं. एक पाय आपटायचा आणि तोंड दाखवायचं. एवढं आधी केलं असतं तर माझ्या बाला स्वतःच्या टाळ्या ऐकू आल्या असत्या.

सिस्टर त्याला धरून पायऱ्या उतरवत खाली घेऊन आली आणि त्याचा हात माझ्या हातात दिला. "अजून रागावली आहेस?" तिनं मला विचारलं.

"हो," मी म्हटलं. "आहे. आणि राहणार."

तिनं मान हलवली.

मान हलवण्यावर माझा विश्वास नाही. मी तिच्या समोर उभी राहिले. "सिस्टर, ऐकू आलं ना तुम्हाला, मी काय म्हटलं ते?"

"आलं," ती म्हणाली.